कुंदाची एकुलती एक भाऊबीज

छप्पन सालच्या दिवाळीत अंधेरीच्या करंजवाडीत बातमी फुटली की अण्णा नेरूरकरांच्या कुंदाचं मोकाशांच्या श्यामकांतशी जमलं. जमलं म्हणजे पक्कं जमलं. शेवंतीकाकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मोकाशीबाई जरीची साडी नेसून, हातात नारळ आणि फराळाचं झाकलेलं ताट घेऊन नेरूरकरांच्या दारात उभ्या, आणि त्यांच्या मागे नवा सदरा घातलेला, केसांना पाणी लावून चापून बसवलेला त्यांचा लेक. दारात रांगोळी, मग आत मांडलेला पाट. एवढ्या पुराव्यावर माणसं फाशी जातात. दुपारपर्यंत विहिरीवर लग्नाचा महिना ठरला, संध्याकाळपर्यंत बँड कुठला आणायचा तेही ठरलं. मुलगा अजून अकरावीत आहे, ही बारीकशी अडचण कुणीतरी काढली तेव्हा शेवंतीकाकू म्हणाल्या, "मग काय झालं? साखरपुडा आत्ता, लग्न निकाल लागल्यावर. नापास झाला तर बघू."

खोटं कशाला बोला, बातमी साफ चुकीची होती. पाट होता हे खरं, नारळ होता हेही खरं. पण तो दिवस होता भाऊबीजेचा, आणि त्या पाटावर बसलेल्या श्यामकांतला कुंदाने ओवाळलं होतं. वाडी ज्याला सोयरीक समजून पेढ्यांची वाट बघत बसली, ती खरं म्हणजे जमलेलं मोडण्याची तऱ्हा होती. ही तऱ्हा आपल्याच लोकांना सुचते. भांडण नाही, रडारड नाही, कुणाच्या तोंडातून वावगा शब्द नाही. मुलाला पाटावर बसवायचं, मुलीच्या हातात निरांजन द्यायचं, की झालं काम.

म्हणजे वाडीला वास चुकीच्या घराचा आला नव्हता. फक्त उलट्या बाजूने आला होता.

कुंदा तेव्हा सोळा वर्षांची. नेरूरकरांना ही एकच मुलगी, मुलगा नाही. अण्णा तारखात्यात कारकून. घरात दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर अण्णांची आरामखुर्ची. कुंदाचं अक्षर असं की करंजवाडीतून कोकणात जाणारं निम्मं टपाल तिच्या हातचं. कुणाला गावी भावाला कळवायचं असो, कुणाला म्युनिसिपालिटीकडे नळासाठी अर्ज करायचा असो, सगळे तिच्याकडे. त्यामुळे वाडीतल्या घराघरांतलं तिला ठाऊक होतं आणि तिच्या पोटातून एक अक्षर बाहेर पडत नव्हतं. हा तिचा गुण शेवंतीकाकूंना फार खुपायचा.

श्यामकांतशी तिचं सुरू झालं महाकालीच्या गुंफांवर गेलेल्या शाळेच्या सहलीत. सुरू झालं म्हणजे काय, तर त्याने तिला लिमलेटच्या तीन गोळ्या दिल्या आणि अनुपमाला एकच दिली. अनुपमा ही कुंदाच्या बाकावरची मैत्रीण. तिने तो हिशोब सबंध वर्गाला सांगितला. पुढे सहा महिने दोघं शाळेतून येताना रस्त्याच्या दोन कडांनी चालायची. मध्ये बैलगाडी जाईल एवढं अंतर. बोलणं सगळं बीजगणिताच्या वहीतून. श्यामकांत गणितात हुशार, म्हणून कुंदा त्याची वही न्यायची, आणि वहीच्या खाकी कव्हराच्या आत चिठ्ठी असायची. चिठ्ठीत तरी काय? "आज तू निळी रिबीन बांधली होतीस." "उद्या चाचणी आहे, अभ्यास कर." "तू हसलीस ते मला बघून की अनुपमाला?" एवढ्यावर दोघांची जेवणं कमी झाली होती.

दिवाळीच्या सुट्टीत मोकाशीबाईंना टापटिपीची हुक्की आली आणि त्या लेकाच्या वह्यांना नवी कव्हरं घालायला बसल्या. बीजगणिताच्या वहीतून चार चिठ्ठ्या खाली पडल्या. कुंदाचं अक्षर त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. गेल्याच महिन्यात रत्नांग्रीला नणंदेला लिहिलेलं पत्र त्यांनी तिच्याकडूनच लिहून घेतलं होतं.

बाई कजाग असती तर दारात येऊन तमाशा केला असता. मोकाशीबाई हुशार होत्या. भाऊबीजेच्या सकाळी त्या हसत हसत आल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "तुमच्या कुंदाला भाऊ नाही, आमच्या श्यामला बहीण नाही. मी म्हटलं, देवाने सोडलेली जागा आपण का रिकामी ठेवायची?"

अण्णा विरघळले. या माणसाला सोळा वर्षं सलत होतं की आपल्या पोरीला भाऊबीजेला कुणी नसतं. त्यांनी स्वतः पाट मांडला, स्वतः रांगोळी काढली, तीही वाकडी. "कुंदा, अगं निरांजन आण! तुझा भाऊ आलाय!"

कुंदा आतून तबक घेऊन आली. श्यामकांत पाटावर मांडी घालून बसलेला, नजर गुडघ्यांवर. तिने कुंकू लावलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले, जसे लोक इंजेक्शनच्या वेळी मिटतात. तिने ओवाळलं. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक फेरीला तिला वाटलं, आता हा उठेल, आता काहीतरी म्हणेल. तो उठला नाही. त्याने तबकात आईने निवडलेला खण ठेवला आणि वाकून अण्णांना नमस्कार केला. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि त्याला दोन करंज्या जास्त दिल्या.

त्या रागाचं कुंदा काय करणार? रडायची सोय नाही, कारण भावाला ओवाळून कोण रडतं? आईला सांगायची सोय नाही. आणि अण्णांना सांगणं तर सोडाच. वाडीतल्या जयंतीच्या दप्तरात मागच्या वर्षी एक चिठ्ठी सापडली होती, तेव्हा अण्णा ओट्यावरून म्हणाले होते, "आमच्या घरात असलं काही निघालं, तर दुसऱ्या दिवशी शाळा बंद. वर्ष कुठलं आहे ते बघणार नाही." जयंतीचं लग्न झालं होतं. तिला अकरावीची पुस्तकं कुंदाला देऊन टाकावी लागली होती.

कुंदाला तर अकरावीची परीक्षा द्यायची होती. पुढे ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. परीक्षेचा फॉर्म घरी येऊन पडला होता, त्यावर पालकांची सही हवी होती, आणि अण्णा म्हणत होते, "शनिवारी तुमचं ते गॅदरिंग होऊ दे, मग निवांत करतो. सोमवारपर्यंत मुदत आहे ना?" त्या कागदावर एक सही पडली की ती सुटली. नाही पडली तर जयंती.

एवढं सगळं माहीत असून पोरीने काय करावं? तिने फिशपाँड टाकला.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये फिशपाँड कसे पडतात ते ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगायला हवं. बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा हेडमास्तरांच्या खोलीत ठेवतात. झाकणाला चीर. ज्याची टर उडवायची त्याच्या नावाने चिठ्ठी लिहून, नंबर घालून आत टाकायची, आणि त्याच नंबराची भेटवस्तू कागदात गुंडाळून टोपलीत ठेवायची. कुणी लिहिलं ते कधीच कळत नाही. बुधवारी संध्याकाळी डब्याला लाख लागते. मग तो थेट गॅदरिंगला, सगळ्यांसमोर उघडतो. ज्याचं नाव निघेल त्याने वर यायचं, भेट घ्यायची, एक वाक्य बोलायचं आणि हसत खाली जायचं. आणि वाचायचा मान असतो माजी विद्यार्थ्यांचा. दरवर्षी त्या दिवशी जुने विद्यार्थी शाळेत येतात, आपापल्या वेळच्या बाकांवर बसून बघतात, आणि हजर असलेल्यांत जो सर्वांत जुना, तो डबा उघडतो. एखादी चिठ्ठी फारच चावट वाटली तर बाजूला ठेवायचा अधिकारही त्याचाच.

तो सर्वांत जुना माणूस म्हणजे दरवर्षी अनंतराव वकील. बोळकं तोंड, मोठा आवाज, कुणाच्याच अक्षराची ओळख नाही. कुंदाने निर्धास्तपणे, अक्षरही न बदलता, लिहिलं:

"श्यामकांत मोकाशी यांस. दिवाळीपर्यंत वहीच्या कव्हरात चिठ्ठ्या, भाऊबीजेला त्याच मुलीच्या घरी पाटावर. पुढच्या वेळी आईची भीती वाटली तर बसायला हा पाट जवळ ठेवावा, म्हणजे लोकांच्या घरी जावं लागणार नाही."

भेट म्हणून तिने आपल्या भातुकलीतला लाकडी पाट गुंडाळला. वीतभर लांबीचा, लाल-पिवळ्या रंगाचा. नंबर तेवीस. डब्यात टाकताना तिला दिवाळीनंतर पहिल्यांदा बरं वाटलं.

हे बरं वाटणं शुक्रवार संध्याकाळपर्यंत टिकलं. शुक्रवारी कुंदाचे वर्गशिक्षक जयवंत सर करंजवाडीत आले आणि ओट्यावर बसून अण्णांना म्हणाले, "अनंतरावांना या वयात गालगुंड झालंय हो. तोंड उघडत नाही. त्यांच्या खालोखाल जुने तुम्हीच ना? उद्या डबा तुम्ही उघडायचा."

कुंदाच्या हातातून चहाची बशी सुटली.

"अहो सर, मी कुठला माजी विद्यार्थी," अण्णा म्हणाले. "मी मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडली. वडील गेले, नोकरीला लागलो."

"रजिस्टरात नाव आहे. आम्हांला तेवढं पुरे."

वीस वर्षांत अण्णा एकदाही गॅदरिंगला गेले नव्हते. आता ते उठले आणि पेटीतला कोट काढून उन्हात घालायला गेले, सूर्य मावळत होता तरी.

शनिवारी सकाळी कुंदा जयवंत सरांच्या घरी. "सर, डब्यातली एक चिठ्ठी मला परत हवी."

"लाख लागली, कुंदा."

"सर, फक्त एक."

"गेल्या वर्षी मी स्वतः माझ्यावरचा फिशपाँड काढू शकलो नाही. मला काय आलं होतं, आठवतं? कंगवा."

जयवंत सरांना पूर्ण टक्कल होतं. कुंदा घरी आली तर अनुपमा दारात वाट बघत होती.

"अगं, आता एकच उपाय," अनुपमा म्हणाली. "त्यांना वाचताच येता कामा नये."

अण्णांना चष्म्याशिवाय जवळचं काही दिसत नसे. दुपारी दोन वाजता त्यांचा चष्मा खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून निघाला आणि तांदळाच्या डब्यात, तळापर्यंत गेला. हे काम कुंदाने स्वतः केलं. वर तांदूळ सारखेही केले.

"खंय गेलो चष्मो?" आई घरभर शोधत राहिली. तिचं नाव जानकी, माहेर मालवणकडचं, आणि घाईत तिला तिकडचीच बोली सुचायची. "मेलो हयच होतो! कुंदे, तू बघितलंस गो?"

"नाही गं," कुंदा म्हणाली. आयुष्यात ती आईशी फारशी खोटं बोलली नव्हती, आणि सराव नसल्यामुळे तिचे कान लाल झाले.

अण्णा चष्म्याविना निघाले. कुंदाला वाटलं, सुटले.

चार वाजता शाळेच्या पटांगणात कनाती लावलेल्या, समोर पालक, डावीकडे माजी विद्यार्थी. मोकाशीबाई पहिल्या रांगेत, तीच जरीची साडी. अण्णांना टाळ्यांच्या गजरात वर नेलं. जयवंत सरांना चष्म्याची हकीकत कळली तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता स्वतःचा चष्मा काढून अण्णांच्या नाकावर चढवला. एका बाजूची काडी तुटलेली, तिथे दोरा, तो दोरा अण्णांच्या कानाभोवती गुंडाळला.

"दिसतंय?"

"झकास!" अण्णा म्हणाले, आणि पटांगण हसलं.

खरं सांगायचं तर अण्णा बहारीचं वाचत होते. वाडीत हा माणूस इतकं बोलतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. एकेका नावाला खुमासदार थांबत, भेट उघडून उंच धरत. रोज शाळेत उशिरा येणाऱ्याला घड्याळाचं चित्र, फार बोलणारीला कुलूप, ड्रिलच्या मास्तरांना बाळाचा खुळखुळा. कुंदा मुलींच्या रांगेत अनुपमाचा हात धरून बसलेली. एकोणीस. वीस. एकवीस. बाविसाव्याला सगळे पोट धरून हसत होते.

"नंबर तेवीस," अण्णा म्हणाले आणि घडी उघडली.

आणि थांबले.

हा थांबा खुमासदार नव्हता. त्यांनी चिठ्ठी दूर धरली, जवळ आणली. मग टोपलीतून तेवीस नंबरची पुडी काढून उघडली. तो पाट त्यांनीच सावंतवाडीच्या बाजारातून आणला होता, कुंदा पाच वर्षांची असताना. त्यांनी तो हातात उलटसुलट केला. मग त्यांची मान वर झाली आणि नजर मुलींच्या रांगेवरून सावकाश फिरत कुंदावर येऊन थांबली.

'बाजूला ठेवा,' कुंदा मनात म्हणत होती. 'बाजूला ठेवा अण्णा, तो अधिकार आहे तुम्हांला.'

अण्णांनी बाजूला ठेवली नाही. ते म्हणाले, "सरांच्या चष्म्यातून हे अक्षर काही लागत नाही बुवा. ज्याने लिहिलंय त्याने वर येऊन वाचावं."

पटांगणात कुजबुज झाली. असं कधी झालं नव्हतं. फिशपाँड टाकणारा कधी उभा राहत नाही, नियमच तसा. जयवंत सर अर्धे उठले आणि परत बसले. बावीस चिठ्ठ्या खडाखडा वाचणाऱ्या माणसाला तेविसावी लागत नाही, हे खोटं आहे एवढं तिथे एकट्या कुंदालाच कळलं.

"बस तू," अनुपमा कुजबुजली. "कुणाला कळणार नाही. हलू नकोस."

कुणाला म्हणजे बाकी कुणाला. अण्णांना तर कळलं होतं. म्हणजे शाळा गेली, कुंदाला वाटलं. फॉर्म गेला, परीक्षा गेली. आणि एकदा सगळं गेलंच आहे म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं की आता घाबरण्यासारखं काही शिल्लक उरलेलं नाही. श्यामकांत असाच बसून राहिला होता. तिला तसं बसायचं नव्हतं.

ती उठली. साडीच्या निऱ्या सावरून वर गेली, अण्णांच्या हातातून चिठ्ठी घेतली आणि वाचली. पहिली ओळ तिने भराभर वाचली, दुसरी सावकाश. "आईची भीती वाटली तर" इथे आल्यावर मागच्या बाकांवरून शिट्टी आली, आणि "लोकांच्या घरी जावं लागणार नाही" म्हणेपर्यंत पटांगणाचा धरबंद सुटला. माजी विद्यार्थी बाकं बडवू लागले. पहिल्या रांगेत मोकाशीबाईंनी पदर सारखा केला, मग दुसऱ्यांदा सारखा केला, मग त्यांना एकदम कनातीची नक्षी आवडू लागली.

"श्यामकांत मोकाशी!" अण्णा गरजले. "वर या!"

श्यामकांत आला. टोमॅटो झालेला. कुंदाने पाट पुढे केला. त्याने तो घेतला. एक वाक्य बोलायचं असतं, आणि त्याला सुचेना. सबंध शाळा वाट बघत होती.

"बसायला फार लहान आहे," तो शेवटी म्हणाला, "पण घेतो. माझ्याच मापाचा आहे."

लोकांनी याला टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर त्या त्याने कमावल्या होत्या. दिवाळीनंतर कुंदानेही पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं.

गॅदरिंग संपल्यावर बाकं उचलताना तो तिच्याजवळ आला. "चुकलं माझं."

"कळलं."

"चिठ्ठ्या आहेत का गं अजून?"

"बंबात घातल्या."

"सगळ्या?"

"एक सोडून. तिच्या पाठीवर तू सोडवलेलं उदाहरण आहे, ते बरोबर आहे."

तो हसला, तीही हसली, आणि दोघांनी मिळून एक बाक वर्गात नेऊन ठेवलं. तेवढंच. त्यात आणखी काही शोधायला शेवंतीकाकूंनाही जमलं नाही, आणि त्यांनी प्रयत्न कमी केला नव्हता.

घरी आल्यावर अण्णांनी कोट घडी घालून पेटीत ठेवला. रविवारी सकाळी ते ओट्यावर आरामखुर्चीत बसले, मांडीवर परीक्षेचा फॉर्म. कुंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी. आई आत विळीवर भाजी चिरत होती, पण चिरण्याचा आवाज बंद झाला होता.

"किती चिठ्ठ्या?" अण्णांनी विचारलं.

"माझ्या सात. त्याच्या नऊ."

"आणि मी त्याला करंज्या वाढल्या."

"हो."

"जास्तीच्या."

"दोन," कुंदा म्हणाली.

अण्णांनी फॉर्म मांडीवर उलटा ठेवला. "ती बाई माझ्या घरी बसून, माझ्या तोंडावर हसून गेली. आणि मी तारखात्यात टेबलाटेबलाला सांगत सुटलो, पोरीला भाऊ मिळाला म्हणून! तुला तोंड नव्हतं का गं सांगायला?"

"सांगितलं असतं तर शाळा बंद झाली असती. तुम्हीच म्हणाला होता."

अण्णांनी खुर्चीचा हात खरवडला.

"चिठ्ठी बाजूला का नाही ठेवलीत अण्णा?"

"ठेवली असती तर मोकाशीबाई सुटली असती," अण्णा पटकन म्हणाले. मग सावकाश म्हणाले, "आणि म्हटलं बघू, आमची मुलगी उठते का. मी शाळा सोडली ना, तेव्हा मास्तरांनी वर्गात विचारलं होतं, कुणाला काही म्हणायचंय का. मला म्हणायचं होतं की मला जायचं नाही. मी खाली बघून बसलो. काल त्या बाकावर बसल्यावर सगळं आठवलं."

आतून आईचा आवाज आला, "आता सही करतास की दुपार करतास?"

"करतो गं! दिसायला नको का? सही कुठे करायची तेच लागत नाही."

कुंदा आत गेली. तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग आईचा. "अगे बाय माझे! तांदळात चष्मो कसो इलो?"

कुंदा चष्मा पुसत बाहेर आली. काचेच्या कडेला एक दाणा अडकला होता. अण्णांनी तो नखाने काढला, तिच्याकडे पाहिलं, चष्मा घातला.

"हेही तूच?"

"हो."

"आणखी काही निघायचंय घरात? एकदाच सांगून टाक, सहीच्या आधी."

"नाही. संपलं."

अण्णांनी टाक दौतीत बुडवला आणि सही केली. मोठी, फराट्यांची, तारखात्यात करतात तशी. फॉर्मवर फुंकर घालत म्हणाले, "मीच नेऊन देणार होतो. पण तूच ने. आणि पास हो. नाहीतर मला त्या बाईसमोरून रोज स्टेशनला जायचंय."

सोमवारी सकाळी कुंदा दोन वेण्या घालून, फॉर्म पुस्तकात ठेवून निघाली. विहिरीवर नेहमीची मंडळी होती. दोन दिवसांत त्यांच्याकडे पाच निरनिराळ्या हकीकती तयार झाल्या होत्या. एकीत श्यामकांत रडला होता, एकीत अण्णांनी त्याला पाटाने मारलं होतं. पण मुख्य मुद्दा, म्हणजे पुस्तकातल्या कागदावरची ती सही, कुणालाच कळलेला नव्हता. शेवंतीकाकूंनी कळशी खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि सगळ्यांच्या वतीने गोड आवाजात विचारलं, "काय गं कुंदे, तो श्यामकांत तर गेला. मग आता कोण?"

कुंदा थांबलीसुद्धा नाही. चालता चालता म्हणाली, "आता भूगोल, काकू. बुधवारी चाचणी आहे."